इंगळेसाहेबांनी पुसलेलं नाव

नदीकाठच्या एखाद्या जागेचं नाव कुणाला विचारायचं असेल तर आधी चपला काढायच्या आणि खाली बसायचं, हा इंगळेसाहेबांचा नियम होता. मोजणीच्या कुठल्याही पुस्तकात तो लिहिलेला नाही. "उभ्या मानसाले लोक कागदावरचंच नाव सांगतात, मॅडम," ते म्हणायचे. "बसल्यावर खरं नाव निंगते."

देवमन इंगळे आमच्या ऑफिसात निमतानदार होते, म्हणजे माझ्यासारख्या भूकरमापकांनी केलेली मोजणी पुन्हा तपासणारे. ऑफिस भूमी अभिलेखाचं, पूर्णेच्या काठच्या एका तालुक्यातलं. कुठल्या ते सांगत नाही, सांगितलं तर अजून दोन फायली उघडतील. ते राहायचे अकोल्यात, जठारपेठेत, आणि रोज सकाळच्या पहिल्या बसनं यायचे. मी नवीन नेमणुकीवर आले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. बेताची उंची, काळा रंग, भांग इतका सरळ की तोही मोजून पाडल्यासारखा. माझं माहेर अकोटकडच्या शेतकऱ्याचं. वरिष्ठ म्हटलं की मला आधी त्यांचे दोष दिसतात. यांचा दोष पहिल्याच दिवशी दिसला. माणूस भयंकर तिरसट होता.

पहिल्याच आठवड्यात मी रोव्हर घेऊन पूर्णेच्या थडीवर उभी होते. रोव्हर म्हणजे उपग्रहावरून मोजणी करणारं यंत्र. ते हातात असलं की आपण फार शिकलोय असं उगीच वाटतं. शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, "बाबा, या जागेला काय म्हणतात?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "नदी." माझ्यासोबतचा शिपाई फिस्सकन हसला. इंगळेसाहेब मागून आले, चपला काढून म्हाताऱ्याजवळ बसले आणि त्याच्या लंगड्या शेळीची चौकशी करू लागले. अर्ध्या तासात दोनशे पावलांच्या काठाची सात नावं निघाली. बैलबुडी, कारण तिथे कुणाची तरी जोडी गाळात गेली होती. भोयाची उडी. पाटलीणीचा धोंडा, जिथे एक पाटलीण सासरी जायचं नाही म्हणून तीन दिवस बसून राहिली होती. मी कपाळाला हात लावला.

ही नावं ते एका जाड वहीत उतरवायचे. पण नुसतं ऐकलं आणि लिहिलं असं नव्हतं. एकमेकांच्या घरी न जेवणाऱ्या दोन माणसांनी एकच नाव सांगितलं तर ते खरं धरायचं, असं त्यांचं होतं. एकाच आळीतल्या दहा जणांनी सांगितलेलं त्यांना चालायचं नाही. "दहा तोंडं, पन चूल एकच ना," ते म्हणायचे. गावात शिरल्यावर कोण कुणाकडे जेवत नाही हे त्यांना पाच मिनिटांत कळायचं. ते कसं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. ते सगळं त्यांनी भोगलेलं होतं.

देवाधर्माच्या गोष्टी निघाल्या की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. एकदा दर्यापूरहून येताना शेअर जीपमध्ये एक प्राध्यापक शेजारी बसले होते. आमच्या गावच्या काठावरल्या खडकात देवाचं पाऊल उमटलंय, म्हणून त्या जागेला देवपाय म्हणतात, असं ते मोठ्या कौतुकानं सांगत होते. इंगळेसाहेबांनी शांतपणे विचारलं, "डावं का उजवं जी?"

"काय?"

"पाऊल. म्या त्या खडकावर बसलो हावो. तिथं दोन पिढ्या परटीनी कपडे आपटत होत्या. आपटून आपटून खोलगट झाला तो. परटीनीचं नाव घ्याले लाज वाटली तुमाले, म्हनून देवाले बलावलं काय?"

ड्रायव्हरनंही आरशातून मागे पाहिलं. प्राध्यापकांचे कान लाल झाले. मला साहेबांचा राग आला, कारण त्या बिचाऱ्यानं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. उतरल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं. साहेब म्हणाले, "लाज वाटून नाव दाबनारा मानूस मले सहन होत नाही, मॅडम." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, प्राध्यापकांबद्दलच बोलताहेत.

आणखी एक खोड होती. त्यांना खोडरबर चालत नसे. माझ्या टेबलावर एकदा दिसलं तर त्यांनी ते उचललं आणि खिडकीतून बाहेर भिरकावलं. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे. आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. ऑफिसात नवीन कुणी आलं की मुद्दाम त्याच्या टेबलावर रबर ठेवायचो आणि मजा बघायचो. आज ते आठवलं की लाज वाटते.

मग हिंगणखारची फाईल आली. गावाचं हे नाव मी बदललेलं आहे.

आमचा हा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी खारंच लागतं. जुन्या काळी लोक नदीच्या वाळूत खड्डे करून पाझरणारं पाणी वाटीनं भरायचे. त्याला झिरा म्हणतात. प्रत्येक जातीचा झिरा वेगळा असायचा, आणि सगळेच काही गोड नसायचे. हिंगणखारच्या अंगाला एकच झिरा बारा महिने गोड होता. तिथं जायची वाट बौद्ध वस्तीतून निघून गावंडे नावाच्या शेतकऱ्याच्या शेतातून जायची. नळयोजनेचं पाणी दहा-बारा दिवसांतून एकदा यायचं, म्हणून वस्तीतल्या बाया अजून त्या झिऱ्यावर जात होत्या. दोन वर्षांपूर्वी गावंडेनं ती वाट नांगरली, तारेचं कुंपण घातलं आणि झिऱ्याच्या जागी पंप बसवून गोड पाणी लिंबाच्या बागेला वळवलं. वस्तीनं तहसीलदारांकडे अर्ज केला. तहसीलदारांनी आमच्याकडून नकाशा मागवला.

नकाशात वाट नव्हती. झिराही नव्हता. फक्त वाळूचे ठिपके होते.

मी जुनं दप्तर काढलं. गावाच्या हक्कांच्या जुन्या पत्रकात एक ओळ सापडली, आणि ती वाचून मी उड्या मारतच साहेबांच्या टेबलाशी गेले. त्यात लिहिलं होतं की वस्तीच्या लोकांना महारझिऱ्यापर्यंत नऊ हात रुंदीची वाट आहे. म्हणजे हक्क होता. फक्त महारझिरा कुठे, हे आताच्या कुठल्याच नकाशात नव्हतं. गावंडेच्या वकिलाचा सगळा जोर त्यावरच होता. अशी जागाच अस्तित्वात नाही, असं त्यानं लेखी दिलं होतं.

"साहेब, हा नकाशा कुणी केला असेल? नाव कसं सुटलं असेल?" मी विचारलं.

साहेबांनी नकाशा हातात घेतला नाही. कोपऱ्यातल्या सहीवर फक्त बोट ठेवलं. सही त्यांची होती.

"सुटलं नाही," ते म्हणाले. "म्या पुसलं."

हिंगणखार हे त्यांचं आजोळ. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा फेरमोजणीसाठी ते तिथे गेले होते. अंगात पँट-शर्ट, हातात मोजणीची फळी. सगळी वस्ती भाच्याला बघायला लोटली होती. त्यांनी त्या जागेवर पेन्सिलीनं नाव लिहिलं तेव्हा मामा मागे उभे होते. मामांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडलेले. मामा म्हणाले, बाप्पा, ते नाव आमी टाकून देल्लं, तू काहून परत लिहून राहिला? आणि या पोरानं, या नव्या साहेबानं, खिशातून रबर काढलं. दुसरं नाव तिथे कुणी म्हणत नव्हतं, म्हणून जागा कोरी सोडली, आणि नाव नसलेल्या जागेकडे जाणारी वाटही मग नकाशात चढली नाही. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. "त्या दिवशी मले वाटलं, नोकरीचं सार्थक झालं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता.

माझ्या मनात एकच हिशेब चालला होता. निवृत्तीला अडीच महिने उरलेत. आपण जाणूनबुजून नाव पुसलं असं त्यांनी लिहून दिलं तर चौकशी लागेल. नाही दिलं तर वस्तीचं पाणी कायमचं गेलं. मी हळूच म्हटलं, "साहेब, नजरचूक म्हणता येईल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सरळ जागेवर जाऊन बसले.

तहसीलदार जागा पाहायला येणार होते, त्या पाहणीच्या आदल्या दिवशी साहेब मला घेऊन वस्तीत गेले. विहाराच्या ओट्यावर तीसेक माणसं जमली होती. साहेबांनी चपला काढल्या, खाली बसले आणि सगळं सांगितलं. पत्रकातली ओळ, पुसलेलं नाव, उद्या काय बोलावं लागेल ते. मग प्रशिक उठला. तिशीतला पोरगा, नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यात वायरमन, पाहणीसाठी रजा टाकून आलेला. अर्ज त्यानंच लिहिला होता.

"साहेब, वस्त्यांची जुनी नावं सरकार सोता बदलून राहिलं," तो म्हणाला. "अन तुमी आपले मानूस असून सोताच्या हातानं ते नाव कागदावर आनता? माही पोरगी उद्या शाळेत हा नकाशा पाहीन. तिले काय सांगू?"

"वाट पाह्यजे का नाही तुले?"

"पाह्यजे. पन त्या नावानं नोको."

"दुसऱ्या नावानं भेटत नाही बाप्पा. हक्क त्या नावावर लिहेल हाये."

"मंग तुमीच पुसलं ना ते!" प्रशिक ओरडला. "पुसलं तवा आमाले इचारलं होतं?"

साहेबांची मान खाली गेली. मला वाटलं, आता इथे काहीतरी होणार. दोन-तीन पोरं उठून उभी राहिली होती. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी बोलली. ती गयाबाई, साहेबांची मामी. नाव पुसायला सांगणाऱ्या मामांची बायको.

"त्याले नोका बोलू. याच्या मामानं पुसाले लावलं," ती म्हणाली. "अन मामाचंबी काय चुकलं? त्या नावानं हाका खाल्ल्या आमी. पन त्या वाळूत हात घालून घालून माही नखं गेली. ते कुठं लिहेल हाये? त्या नावातच हाये ना. उद्या तू बोल देवमन. मी संग येतो."

प्रशिक तडक निघून गेला, आणि उद्या तो काय करील याची मला धडकीच भरली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर येत असताना सगळे काठावर जमले. एका बाजूला गावंडे, त्याचे भाऊ, वकील. दुसऱ्या बाजूला वस्ती. मध्ये तहसीलदार, रुमालानं मान पुसत. गावंडेची म्हातारी आई काशीबाई बांधावरच्या बाभळीखाली बसली होती. प्रशिक आला होता, पण सगळ्यांच्या मागे, हाताची घडी घालून. मी पंचनामा लिहायला पॅड घेतलं.

वकील म्हणाला, "साहेब, पत्रकात नाव आहे, मान्य. पण ती जागा हीच कशावरून? नदी केवढी लांब आहे."

इंगळेसाहेब पुढे आले. चपला काढल्या आणि पंपाजवळच्या वाळूत बसले. खाली बसूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "मी देवमन इंगळे, निमतानदार. हा नकाशा माह्या हातचा. या जागेचं नाव महारझिरा. म्या ते लिहिलं अन म्याच पुसलं. समजून उमजून पुसलं. लिहून घ्या मॅडम."

मी लिहून घेतलं. गावंडे हसला. "त्यायच्यातलेच हायेत ते. आपल्या लोकायच्या बाजूनंच बोलतीन ना."

तहसीलदारांनी साहेबांकडे पाहिलं. तहसीलदारांच्या चेहऱ्यावर काकुळती होती, कारण हरकत चुकीची नव्हती. आणि साहेबांचा स्वतःचा नियमही तोच होता. एका चुलीचं नाव खरं धरायचं नाही. ते उठले, अनवाणीच तापलेल्या ढेकळांतून बांधावर गेले आणि काशीबाईपुढे बसले.

"मायबाई, तुमचं घर अन आमचं घर एकमेकायकडे कधी जेवलं नाही. म्हनून तुमाले इचारतो. या जागेले काय म्हनत?"

"माय, तू चूप राह्य," गावंडे म्हणाला.

काशीबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. खालून वाळूतल्या पंपाचा आवाज येत होता, तेवढाच. गावंडे दोनदा घड्याळात बघून झाला. साहेब जागचे हलले नाहीत, पुन्हा विचारलंही नाही. म्हातारीची नजर हळूहळू वाळूकडून वस्तीच्या घोळक्याकडे गेली आणि गयाबाईवर येऊन थांबली.

"महारझिरा," ती म्हणाली. "दुसरं काय म्हनन? आमचा झिरा खारा झाला होता त्या वर्षी. पोरगं तापानं फनफनलं होतं, खारं पानी पेईना. हाच होता तो." तिनं गावंडेकडे बोट केलं. "मी पहाटे चोरून इथं यो. ती गया मले भरून दे. कोनाले सांगतलं नाही तिनं. मीबी नाही सांगतलं."

गावंडेचा चेहरा उतरला. कुंपणाच्या खांबाला लाथ मारून तो गाडीकडे निघून गेला. वकील त्याच्यामागे पळाला. काशीबाईच्या अंगठ्याला शाई लावून मी पंचनाम्यावर तिचा ठसा घेतला. गयाबाई लांबच उभी होती.

निकाल वस्तीच्या बाजूनं लागला. वाट मोकळी करायची, पंप काढायचा. साहेबांना कारणे दाखवा नोटीस आली. तिच्या उत्तरात त्यांनी एकच वाक्य लिहिलं, की नाव मी पुसलं हे खरं आहे. निरोप समारंभ झाला नाही. वरून तोंडी सूचना होती, आणि आम्हीही गप्प बसलो. मीसुद्धा. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबलाचं कुलूप काढून चावी माझ्याकडे दिली आणि नेहमीच्या बसनं गेले.

आठवड्यानं मी नव्या नकाशाची खूण करायला हिंगणखारला गेले. ग्रामसभेचा ठराव झाला होता. पंचनाम्यात जुनं नाव राहील, पण नकाशावर यापुढे गोडझिरा लिहावं. ठराव प्रशिकनं मांडला होता. काठावर पोचले तर इंगळेसाहेब आधीच तिथे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, वाळूत गुडघे टेकून. पंपानं दोन वर्षं उपसून उपसून झिरा पार आटून बुजला होता, म्हणून त्याच्याच बाजूला ते हातानं नवा खड्डा करत होते. काठावर बाया पाणी भरायच्या रिकाम्या गुंड्या घेऊन ओळीनं बसल्या होत्या. मी ठराव वाचून दाखवला.

"घाई करू नका मॅडम," साहेब मान वर न करता म्हणाले. "पानी गोड हाये का नाही ते पाहू द्या आंधी. नाही ते नाव लिहाचं नाही."

पहिलं गढूळ पाणी वाटीनं बाहेर फेकलं. दुसरं फेकलं. गयाबाईनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खारं. एक पावसाया खाऊ द्या त्याले, मंग येईन गोडी." साहेबांनी ऐकलं नाही. त्यांचं कोपर वाळूत बुडालं होतं, श्वास लागत होता. प्रशिक काठावरून बघत होता. मग तो तसाच, पँटसकट, खाली उतरला आणि समोरच्या बाजूनं वाळू काढू लागला. तिसरं पाणी फेकलं, चौथं फेकलं. खड्ड्यात हळूहळू वाटीभर पाणी साचलं, निवळशंख.

गयाबाईनं ओंजळ भरली. साहेबांचे हात चिखलानं भरले होते, म्हणून तिनं ती त्यांच्याच तोंडाला लावली, लहान पोराला पाजावं तशी. ते प्याले. डोळे मिटून तसेच बसून राहिले. सगळ्या बाया त्यांच्याकडे बघत होत्या. प्रशिकही.

"लिहा मॅडम," साहेब म्हणाले. "गोडझिरा."

बाया उठल्या. गुंड्यांचा आवाज सुरू झाला. मी खड्ड्याशी वाकले आणि बोटं बुडवून चाखलं. पाणी मचूळ होतं. मी साहेबांकडे पाहिलं. तेही माझ्याकडेच बघत होते, आणि तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हात जोडले.

मी नाव लिहिलं.